कॅम आधी, ठिणगी नंतर

गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडलंय, चढावर नॉकिंग येतं. पेट्रोल गाड्यांची इंजिनं उघडण्यात आणि जुळवण्यात उमेदीची वर्षं गेली, पण गिऱ्हाइकांच्या तक्रारी फिरून फिरून याच. त्यावरचा आमच्या धंद्यातला जुना उपायही ठरलेला आहे. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करायचा, तो किंचित फिरवायचा, इंजिनाचा आवाज सुधारला की बोल्ट आवळायचा आणि गाडी द्यायची. या कामाने माझं जे एक मत पक्कं झालं आहे, ते नेमकं या सवयीच्या विरुद्ध जातं. प्लगवर ठिणगी कधी पडावी, हा इंजिनाचा स्वतंत्र आकडा नसतो. वाल्व्ह कधी उघडले आणि कधी मिटले यावरून सिलिंडरमध्ये जे मिश्रण जमा होतं, ते किती दाबलं जातं आणि किती वेगाने जळतं, त्यावर ठिणगीची योग्य वेळ ठरते. वाल्व्हची वेळ कॅमशाफ्टच्या हातात असते. म्हणून कॅम जागेवर आहे की नाही हे आधी पाहावं, ठिणगीला मग हात लावावा. हा क्रम ज्यांनी पाळला त्यांची इंजिनं पुन्हा पुन्हा गॅरेजात येत नाहीत, असं मी पाहत आलो आहे.

कॅम आणि ठिणगी यांचं नातं दोन प्रकारचं आहे, आणि बराचसा गोंधळ हे दोन प्रकार एकमेकांत मिसळल्याने होतो. पहिलं नातं निव्वळ गिअरचं आणि दातांचं. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक आवर्तन पूर्ण व्हायला क्रँक दोन फेरे घेतो, म्हणजे ७२० अंश फिरतो. तेवढ्यात कॅम एक फेरा घेतो. प्रत्येक प्लगलाही त्या दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते. म्हणजे ती ठिणगी प्लगांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच वेगाने फिरायला हवा, आणि मग तो कॅमवरूनच चालवणं सोयीचं. पद्मिनी आणि अँबॅसडरमध्ये कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असायचा आणि त्याच्यावरच्या तिरक्या दातांच्या गिअरवर डिस्ट्रिब्युटर फिरायचा. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये कॅम हेडवर गेला, चेनच्या जागी बेल्ट आला, तरी डिस्ट्रिब्युटर कॅमच्याच जिवावर राहिला. अशा इंजिनात कॅम सरकला की ठिणगी आपोआप सरकते. क्रँकच्या पुलीला २० दात आणि कॅमच्या पुलीला ४० दात असतील, तर बेल्टने एक दात सोडणं म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. कार्ब्युरेटरच्या काळातल्या अशा इंजिनांना आयडलवर साधारण ५ ते १० अंश ॲडव्हान्स लागायचा. पिस्टन टॉपला पोचण्याच्या ५ ते १० अंश आधी पडायची ती ठिणगी १८ अंश मागे गेली, तर पिस्टन खाली उतरायला लागल्यावर पडणार. गाडी मेल्यासारखी चालणार यात नवल नाही.

आता पुढे काय होतं ते पाहावं, कारण खरा तोटा तिथे आहे. मेकॅनिक टायमिंग लाईट लावतो. खूण मागे दिसते. तो डिस्ट्रिब्युटर फिरवून खूण जागेवर आणतो, इंजिन लगेच सुधारतं, आणि दोष सापडला अशी सगळ्यांची समजूत होते. पण टायमिंग लाईट क्रँकची खूण आणि एक नंबरच्या प्लगचा करंट, एवढ्याच दोन गोष्टींची गाठ घालते. कॅम त्या हिशेबात येतच नाही. ठिणगी जागेवर आली, वाल्व्ह मात्र १८ अंश उशिरा उघडतायत आणि उशिरा मिटतायत, हे लाईट सांगू शकत नाही. गिऱ्हाईक आठ-पंधरा दिवसांनी परत येतं: सुरू छान होते, पण भरलेली गाडी घाट चढत नाही, पेट्रोल जास्त लागतं. मग कार्ब्युरेटर खोलला जातो, जेट बदलले जातात, प्लग बदलले जातात. मूळ दोष एका दाताचा असतो आणि तो दुरुस्त झालेल्या ठिणगीआड लपलेला असतो. चुकीचा कॅम आणि चुकीची ठिणगी एकत्र असताना इंजिन स्पष्ट तक्रार करतं. फक्त ठिणगी सुधारली की ते अर्धवट गप्प बसतं, आणि असं इंजिन तपासणं सगळ्यांत कठीण.

वाल्व्ह उशिरा मिटल्याने नेमकं काय होतं, याचा हिशेब प्रत्येक मेकॅनिकने एकदा कागदावर करून पाहावा. कंपनी जेव्हा कॉम्प्रेशन रेशो ९ आहे असं लिहिते, तेव्हा पिस्टन तळापासून टॉपपर्यंत गेला असं धरलेलं असतं. पण इनटेक वाल्व्ह पिस्टन तळाला गेल्यावर लगेच मिटत नाही, तो मिटायला आणखी चाळीस ते साठ अंश जातात. तोवर पिस्टन वर निघालेला असतो, आणि खरं दाबणं वाल्व्ह मिटल्यावरच सुरू होतं. तळानंतर ५० अंशांवर वाल्व्ह मिटत असेल, तर कागदावरच्या ९ चे प्रत्यक्षात साधारण ८ उरतात. एक दात सुटून तोच वाल्व्ह ६८ अंशांवर मिटू लागला, तर ७ च्या आसपास. कमी आरपीएमला, जेव्हा आत येणाऱ्या हवेला फारसा जोर नसतो, तेव्हा पिस्टन आलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. उरलेलं मिश्रण कमी, त्याचा दाब कमी, तापमान कमी. वरच्या आरपीएमला आत घुसणाऱ्या हवेचा झोत उशिरापर्यंत भरत राहतो, त्यामुळे तिथे तोटा कमी होतो, क्वचित फायदाही दिसतो. ‘गाडी वर पळते पण खाली दम नाही’ या तक्रारीचं एक कारण इथे सापडतं, आणि डिस्ट्रिब्युटर कितीही फिरवला तरी निसटून गेलेलं मिश्रण परत येत नाही.

दुसरं नातं जळण्याचं आहे. ते डोळ्यांना दिसत नाही, पण जास्त महत्त्वाचं आहे. ठिणगी पडली की मिश्रण एकदम पेटत नाही. आच एका टोकाकडून दुसरीकडे जाते आणि त्याला वेळ लागतो. दाब सर्वांत जास्त व्हायला हवा तो पिस्टन टॉप ओलांडून साधारण १२ ते १६ अंश खाली आल्यावर. तेव्हाच तो क्रँकला चांगला ढकलतो. म्हणून जळायला जेवढा वेळ लागणार, तेवढी ठिणगी आधी पाडायची. ३,००० आरपीएमला क्रँक एका मिलीसेकंदात १८ अंश फिरतो. मिश्रणाला पेट घ्यायला फक्त ०.३ मिलीसेकंद जास्त लागले, तर ठिणगी ५ अंश पुढे घ्यावी लागते. आणि जळण्याचा हा वेग कॅमवर अवलंबून असतो. इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही वाल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे राहतात. त्याला आम्ही ओव्हरलॅप म्हणतो. तो वाढला की आयडलला आणि अर्ध्या थ्रॉटलला जळालेला वायू परत सिलिंडरमध्ये शिरतो आणि ताज्या मिश्रणात मिसळतो. असं मिश्रण ओल्या लाकडासारखं असतं: पेट घ्यायला वेळ लावतं, म्हणून आधी पेटवावं लागतं. उलट जिथे कॅममुळे सिलिंडर जास्त भरतो, तिथे दाब आणि उष्णता वाढते, आच वेगाने धावते, आणि जुनाच ॲडव्हान्स ठेवला तर नॉकिंग सुरू होतं. तिथे ठिणगी मागे घ्यावी लागते. म्हणजे एकच कॅम बदलला तरी खालच्या आरपीएमला ठिणगी पुढे आणि वरच्या आरपीएमला मागे, अशी दोन्ही दुरुस्ती एकाच इंजिनात लागू शकते.

हे कुणाला पुस्तकी वाटत असेल तर कॅमला हात न लावता मिळणारे दोन पुरावे रस्त्यावर आहेत. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी पेट्रोलवरून सीएनजीवर आल्या तेव्हा कॅम तोच, प्लग तेच, डिस्ट्रिब्युटर तोच. तरी पेट्रोलचं टायमिंग ठेवून त्या ओढत नव्हत्या, कारण सीएनजीची आच पेट्रोलपेक्षा हळू पसरते. ठिणगी पुढे घेतली की फरक पडायचा, आणि सीएनजीला सहजासहजी नॉकिंग होत नसल्याने ती पुढे घेता यायची. पुढच्या इंजेक्शनच्या गाड्यांत याच कामासाठी किटबरोबर टायमिंग ॲडव्हान्स प्रोसेसर बसवतात. दुसरा पुरावा घाटाचा. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे १५ टक्के कमी. सिलिंडर विरळ भरतो, आच मंदावते, नॉकिंगचा धोका उतरतो आणि इंजिन थोडा जास्त ॲडव्हान्स सहन करतं, मागतंही. इंधन बदललं, हवा बदलली, तशी ठिणगीची योग्य वेळ बदलली. मग सिलिंडरमध्ये किती आणि काय भरायचं हे ठरवणारा कॅम बदलल्यावर ती जुन्याच जागी राहील, असं मानायला आधार उरत नाही.

पहिला आक्षेप जुन्या उस्तादांच्या बाजूने येतो आणि तो आदराने ऐकण्यासारखा आहे. त्यांच्याकडे टायमिंग लाईट नव्हती. कानावर आणि ॲक्सिलरेटरच्या झटक्यावर ते टायमिंग लावायचे आणि गाड्या उत्तम चालायच्या. हे खरं आहे. पण कान जे शोधतो ते त्या क्षणी इंजिन ज्या स्थितीत आहे, त्या स्थितीतलं सगळ्यांत बरं टायमिंग. कॅम एक दात मागे असेल तर कान त्या बिघडलेल्या कॅमसाठीचं टायमिंग शोधून देतो आणि काम झालं असं समाधानही देतो. शिवाय योग्य जागेच्या आसपास एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तर इंजिनाच्या ताकदीत जाणवेल एवढा फरक पडत नाही, आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर भार नसतो. भार नसताना जे गोड वाटतं ते खंबाटकीच्या घाटात चार माणसं आणि सामान घेऊन चढताना खडखडू शकतं. जे खरे उस्ताद होते त्यांचा कान चालायचा, कारण डिस्ट्रिब्युटरला हात लावण्याआधी ते टॅपेट लावायचे, पॉइंटचा गॅप बघायचे, चेन ढिली आहे का ते पाहायचे. कानाची करामत लोकांच्या लक्षात राहिली आणि तिच्याआधीची तपासणी विसरली गेली.

दुसरा आक्षेप नेमका उलट्या टोकाचा आहे: कान नको, कंपनीच्या पुस्तकात आकडा दिलाय, तो लावा आणि मोकळे व्हा. तो आकडा चुकीचा नसतो, पण कंपनीने जसं इंजिन बनवलं तशा इंजिनाचा असतो. हेड गरम होऊन वाकलं आणि लेथवर प्लेन करून आणलं की कॅम आणि क्रँक यांच्यातलं अंतर घटतं. कॅमची पुली ओढणाऱ्या बाजूचा बेल्ट तेवढा सैल पडतो आणि कॅम मागे राहतो. पुलीची त्रिज्या ६० मिलिमीटर धरली तर अर्धा मिलिमीटर हेड घासल्याने कॅम क्रँकच्या हिशेबात जवळपास एक अंश मागे जातो, आणि डिस्ट्रिब्युटर त्याच्यावरच असेल तर ठिणगीही तेवढीच मागे. शिवाय हेड घासल्याने कॉम्प्रेशन वाढतं, त्यामुळे नॉकिंगची शक्यता वेगळीच. ताणलेली चेन हाच परिणाम हळूहळू वर्षानुवर्षं करते. टॅपेट घट्ट असेल तर वाल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा मिटतो, सैल असेल तर उशिरा उघडून लवकर मिटतो. म्हणजे कॅमला हात न लावताही कॅमचं काम बदलतं. पॉइंटचा गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी पुढे जाते. म्हणून टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग, शेवटी कार्ब्युरेटर, हा क्रम सोयीसाठी ठरलेला नाही. पुढचं प्रत्येक काम आधीचं बरोबर आहे असं गृहीत धरतं.

आमच्या धंद्याला मोठं वळण मिळालं ते २००० च्या सुमारास, प्रदूषणाचे नियम कडक होऊन कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शनच्या एमपीएफआय गाड्या आल्या तेव्हा. पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला आणि कॉइल थेट प्लगवर बसली. तेव्हापासून तिसरा आक्षेप सुरू झाला: आता ठिणगी क्रँकच्या सेन्सरवरून ठरते, कॅमचा आणि तिचा संबंध संपला. यातलं पहिलं अर्धं वाक्य बरोबर आहे. अनेक इंजिनांत क्रँकवर ६० दातांच्या मापाची आणि २ दात गाळलेली चकती असते, दर दात ६ अंशांचा, आणि कॉम्प्युटर त्यावरून ठिणगीची वेळ मोजतो. कॅमचा सेन्सर मुख्यतः कोणता सिलिंडर कॉम्प्रेशनवर आहे ते सांगतो. बेल्टने दात सोडला तरी ठिणगी क्रँकच्या हिशेबाने जागेवरच राहते. पण त्यामुळे फक्त पहिलं नातं तुटलं, दातांचं. जळण्याचं नातं जसंच्या तसं उरलं. कॉम्प्युटरच्या पोटातला ठिणगीचा तक्ता कंपनीने कॅम योग्य जागी ठेवून भरलेला असतो. कॅम मागे गेला की तोच तक्ता वेगळ्या भरणाच्या सिलिंडरला लागू होतो, आणि आता फिरवायला डिस्ट्रिब्युटरही नसतो. दोन कॅमच्या इंजिनात तर एकच कॅम सरकू शकतो: इनटेक मागे गेला तर ओव्हरलॅप घटतो, एक्झॉस्ट मागे गेला तर वाढतो. म्हणजे एकाच दाताच्या चुकीची दोन वेगळी लक्षणं.

चौथा आक्षेप आजच्या मुलांचा: कॉम्प्युटर सगळं सांभाळतो, मेकॅनिकने हे का शिकायचं? याचं उत्तर खुद्द कंपन्यांनीच देऊन ठेवलं आहे. १९८० मध्ये अल्फा रोमिओने आणि १९८९ मध्ये होंडाने, आपापल्या वेगळ्या पद्धतीने, चालत्या इंजिनात वाल्व्हची वेळ बदलणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या. १९९७ च्या टोयोटा प्रियसने इनटेक वाल्व्ह मुद्दाम उशिरा मिटवून कमी पेट्रोलमध्ये जास्त काम काढलं. आपल्याकडे २०११ च्या स्विफ्टपासून व्हीव्हीटी (व्हेरिएबल वाल्व्ह टायमिंग) हा शब्द घरोघरी पोचला. अशा इंजिनात ऑइलच्या दाबाने कॅम चालू गाडीत क्रँकचे ४०-५० अंश पुढे-मागे होऊ शकतो, आणि तो हलला की कॉम्प्युटर त्याच वेळी ठिणगीही बदलतो. कॅम आणि ठिणगी यांचा संबंध नसता तर हा खटाटोप कुणी केला नसता. कॉम्प्युटर सांभाळतो हे खरं, पण सेन्सर जेवढं सांगतील तेवढंच. जुन्या घट्ट ऑइलने व्हीव्हीटीचा वाल्व्ह अडकला की कॅम सांगितल्या जागी जात नाही. चेन ताणली की कॅम आणि क्रँकचा ताळमेळ बिघडतो आणि स्कॅनरवर पी ००११ किंवा पी ००१६ असे कोड येतात. त्याआधीच्या अवस्थेत, जेव्हा चूक कोड येण्याइतकी मोठी नसते, तेव्हा नॉक सेन्सर खडखड ऐकून ठिणगी मागे खेचत राहतो. इंजिन वाचतं, पण ताकद जाते आणि उशिरा जळणारं मिश्रण एक्झॉस्ट तापवतं. स्कॅनरवर दिसणारी मागे गेलेली ठिणगी हा तिथे परिणाम असतो. कारण शोधायला वाल्व्हपर्यंत जावं लागतं, आणि त्यासाठी हे नातं माहीत असावं लागतं.

हौसेने कॅम बदलणाऱ्यांना हेच जास्त लागू आहे. फिरवता येणारी कॅम पुली बसवून कॅम चार अंश पुढे घेतला, की इनटेक लवकर मिटतो, खालचा दाब वाढतो, पिकअप सुधारतो, आणि खालच्या आरपीएमला नॉकिंग जवळ येतं; तिथे ॲडव्हान्स कमी करावा लागतो. कॅमवरच डिस्ट्रिब्युटर असेल तर गंमत नाही, धोका आहे: पुली फिरवताच ठिणगीही चार अंश पुढे गेलेली असते, नेमकी नको त्या दिशेला. उलट लांब वेळ उघडा राहणारा कॅम घातला की आयडलचा व्हॅक्यूम पडतो, मिश्रणात जळका वायू वाढतो आणि आयडलला ॲडव्हान्स जास्त लागतो. तो न दिल्याने इंजिन आयडलला डुचमळतं आणि दोष कॅमला दिला जातो. कॅम आणि ठिणगी मिळून एकच काम आहे असं समजून दोन्ही लावले, तरच बदलाचा फायदा मिळतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो खोटा नाही. टायमिंग कव्हर उघडणं म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी. प्रत्येक गाडीचं ते कोण उघडणार? उघडायची गरज बहुतेक वेळा नसते. कॉम्प्रेशन गेज लावावं. सगळ्या सिलिंडरांचा दाब सारखाच कमी येत असेल तर चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्यावा. वाढला तर रिंगा, न वाढला तर संशय कॅमच्या वेळेवर. व्हॅक्यूम गेज लावावं. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच स्थिर दाखवतं, पुण्याच्या उंचीवर त्याहून दोनेक इंच कमी. काटा स्थिर पण १५ च्या बराच खाली असेल, आणि ठिणगी पुढे घेऊनही फारसा चढत नसेल, तर वाल्व्ह उशिरा चालतायत असं समजून मगच कव्हर उघडावं. दोन साधी गेजं आणि पंधरा-वीस मिनिटं, एवढाच खर्च. धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलाला मी ॲडव्हान्सचे आकडे पाठ करायला सांगत नाही, ते पुस्तकात मिळतात. डिस्ट्रिब्युटरला किंवा लॅपटॉपला हात लावण्याआधी हा सिलिंडर आत्ता किती भरतोय, असं त्याने स्वतःला विचारावं एवढंच सांगतो. या प्रश्नाचं उत्तर ज्याने गेजवर पाहिलं आहे, त्याने लावलेली ठिणगी घाटातही टिकते.